एमएमए सुरू केलंय? सिनियर फायटरकडून काय उचलायचं आणि काय सोडायचं

मागच्या महिन्यात आमच्या एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे पंच, लाथा अन् कुस्ती सगळं एकत्र) बॅचला एक पोट्टा आला, एकोणीसेक वर्षांचा, नागपूरच्या मानेवाडा साइडचा. आल्या आल्या पहिला प्रश्न, दादा स्पिनिंग बॅक किक कधी शिकवता? म्हटलं आधी नुसतं उभं राहून दाखव. उभा राहिला तर दोन्ही पाय एका रेषेत, हनुवटी वर, हात छातीपाशी. बाकी तयारी मात्र फुल्ल होती बरं का, मानेवर टॅटू, ऑनलाइन मागवलेले चार औंसचे ग्लोव्ह्ज अन् इन्स्टाच्या बायोमध्ये "प्रो फायटर" लिहून मोकळा. हसू नका, मी पण असाच होतो, फक्त तेव्हा इन्स्टा एवढं नव्हतं.

होतं काय की मोठे फायटर आपल्याला दिसतात ते फक्त फाइटच्या रात्री. जास्तीत जास्त पाच राउंड, पाच-पाच मिनिटांचे. वॉकआउट, डोळ्यात डोळे घालून बघणं, नॉकआउट अन् मग माइकवर दोन डायलॉग. त्याच्यामागची दहा-पंधरा वर्षं कॅमेऱ्यात येत नाहीत, मग जे दिसतं तेच आपण उचलतो. मी या खेळात बारा वर्षं काढली, सात ॲमॅच्युअर फाइट्स, चार जिंकलो तीन हरलो, म्हणजे काही फार मोठे तीर मारले नाहीत, पण या काळात तीन-चार खरोखर मुरलेल्या लोकांसोबत मॅटवर लोळायला मिळालं आणि सगळ्यांमध्ये एकच गोष्ट सारखी दिसली. हे लोक जपून राहतात. डोकं जपतात, गुडघे जपतात, दम जपतात, आणि समोरच्या पार्टनरला पण जपतात. नवीन पोट्टा जिथे जीव खाऊन जोर लावतो तिथे ते आरामात पडून असतात. हे जपणं शिकता येतं, त्याच्यासाठीच हे लिहून राहिलो.

आधी सिनियर कोण ते तर बघा

हे पहिलं, कारण आजकाल कोणी पण कोच आहे. ज्याच्याकडून शिकायचं त्याचं नाव शेरडॉग किंवा टॅपॉलॉजी या फाइट रेकॉर्डच्या वेबसाइटवर टाका, प्रो फाइट्स असतील तर बहुतेक वेळा रेकॉर्ड सापडतो, कोणाशी लढला, कसा हरला, कधी हरला. हरलेला असेल तर उलट चांगलंच आहे. जो म्हणतो मी आजवर हरलोच नाही आणि ज्याचा कुठे रेकॉर्डच नाही, त्याला नमस्कार करून पुढे निघा. आणि रेकॉर्ड नसला तरी कोणी जुना पैलवान असेल, बॉक्सिंगचा नॅशनल खेळलेला असेल, ज्युडोवाला असेल, तो पण सिनियरच, एमएमएचं लेबल लागलेलं पाहिजे असं काही नाही.

आणखी एक, सिनियर असला म्हणून सगळं बरोबर करतो असं नाही. नवीन पोट्ट्यांना बॅगसारखं धुणारा सिनियर प्रत्येक जिममध्ये एक तरी असतो. त्याच्याकडून एवढंच शिकायचं की त्याच्यासोबत स्पारिंग (सरावाची लढत) करायचं नाही.

टॅप करणं

टॅप म्हणजे हात आपटून हार मानणं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याच्यातच सगळ्यात जास्त पोरं खर्ची पडतात.

अँटोनियो रॉड्रिगो नोगेरा हे नाव नवीन पोरांना माहीत नसतं. ब्राझीलचा हेवीवेट, जमिनीवरच्या खेळात त्याच्या वजनात त्याच्यासारखे फार थोडे झाले. डिसेंबर 2011, यूएफसी 140 (यूएफसी म्हणजे एमएमए फाइट्स भरवणारी अमेरिकन कंपनी), समोर फ्रँक मिर. नोगेरानं मिरला पंचनं हलवलं होतं, फाइट जवळपास हातात होती, पण मारून संपवायच्या ऐवजी गळा धरायला गेला आणि त्या पलटापलटीत मिरला किमुरा (हात मागे पिळणारी पकड) मिळाला. नोगेरानं टॅप केलं नाही. दंडाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एवढा मोठा माणूस, आयुष्यात कधी सबमिट झाला नव्हता, त्याचा इगो एक वेळ समजू शकतो, पण तुमची मंगळवारची प्रॅक्टिस आहे भाऊ, तुमच्यावर कोणाचा बेल्ट लागलेला नाही.

टॅप कसं करायचं ते पण नीट शिका. मॅटवर हात आपटण्यापेक्षा पार्टनरच्या अंगावर, दोन-तीनदा, जोरात, म्हणजे त्याला कळतं. हात अडकले असतील तर पाय आपटा, नाहीतर तोंडानं "टॅप" ओरडा. मागून गळा नीट लागला तर शुद्ध जायला आठ-दहा सेकंद पुरतात, म्हणजे "अजून थोडं बघतो" म्हणायला वेळच नसतो. आणि हील हूकमध्ये (टाच धरून पाय पिळणारी पकड) तर दुखायला लागेपर्यंत थांबायचंच नाही, दुखेपर्यंत लिगामेंट गेलेलं असतं. पाय अडकला, फिरायला लागला, टॅप, विषय संपला.

आमच्याकडे एकदा एक जण आले होते पाहुणे म्हणून, बाहेरच्या प्रमोशन्समध्ये लढलेले, वय पस्तिशीच्या पुढे. मी म्हटलं आज दाखवतो यांना. पहिल्याच राउंडला हेडलॉक बांधला, सगळी ताकद लावली, दात-ओठ खाऊन. ते खाली पडून शांत. हनुवटी आत, एक हात माझ्या कमरेपाशी, बस. दोन मिनिटांनी माझे हात असे भरले की मूठ वळेना. मग त्यांनी हळूच कूस बदलली आणि माझा हात त्यांच्याकडे होता. राउंड संपल्यावर मला वाटलं काहीतरी टेक्निक सांगतील, तर म्हणाले, "तू दोन मिनिटं श्वासच घेतला नाहीस, तोंड बघ आरशात." बघितलं तर टमाटरसारखं लाल. त्याच्या पुढच्या राउंडला मी त्यांना गिलोटीनमध्ये (समोरून मान काखेत घेऊन गळा आवळणं) धरलं, फार घट्ट पण नव्हतं, त्यांनी लगेच टॅप केलं. मी म्हटलं काय झालं, लागलं होतं का? म्हणाले नाही, मान जरा दुखते, उद्या सकाळी पण ट्रेनिंग आहे. एवढंच. मला तो टॅप त्यांच्या सगळ्या डावांपेक्षा जास्त लक्षात राहिला.

तेव्हापासून मी नवीन पोरांना एक ड्रिल देतो, एक पूर्ण राउंड फक्त नाकानं श्वास घेऊन रोलिंग (जमिनीवरची सरावाची झटापट). तोंड उघडावं लागलं म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जास्त जोर लावून राहिले, स्पीड कमी करा. पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही.

स्पारिंग म्हणजे फाइट नाही

मॅक्स हॉलोवेचं उदाहरण सगळे देतात आणि अर्धवट देतात. या यूएफसी फायटरनं 2020 मध्ये एका फाइटच्या वेळी उघड सांगितलं होतं की कॅम्पमध्ये, म्हणजे फाइटच्या आधीच्या तयारीत, स्पारिंग केलंच नाही. ती फाइट तो स्प्लिट डिसिजननं (तीनपैकी दोन जज विरुद्ध, एक बाजूनं) हरला, पण पुढच्याच फाइटमध्ये, जानेवारी 2021 ला, केल्विन केटरला पाच राउंडमध्ये 445 सिग्निफिकंट स्ट्राइक्स (मोजण्यासारखे बसलेले फटके) मारले, यूएफसीचा रेकॉर्ड. हे ऐकून आमच्या बॅचचे दोघं म्हणाले, दादा मग आपण पण स्पारिंग बंद करू. अरे बाप्पा, त्यानं आधी किती वर्षं स्पारिंग केलंय ते बघा ना. त्याच्या डोक्यात टायमिंग भरून झालंय, तुमचं अजून सुरू पण नाही झालं. तुम्हाला स्पारिंग लागेल, भरपूर लागेल, पण हलकं.

हलकं म्हणजे किती? बेल वाजायच्या आधी तोंडानं बोलायचं, "पन्नास टक्के, डोक्यावर अजून कमी". लाज वाटते, पण बोलायचं. मध्येच समोरचा गरम झाला तर थांबून सांगायचं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर त्या दिवशी त्याच्यासोबत राउंड नाही. उभ्यानं स्पारिंग असेल तर सोळा औंसचे ग्लोव्ह्ज, शिन गार्ड, माउथगार्ड अन् खाली एल-गार्ड, क्रिकेटवाला चालत नाही, तो सरकतो, बॉक्सिंगचा कमरेला बांधायचा घ्या. हार्ड स्पारिंग फाइट ठरली असेल तरच, आठवड्यात एक दिवस, आणि कोच समोर उभा असताना.

हेडगार्डवर फार भरोसा ठेवू नका. कापत नाही, कान वाचतो, एवढा फायदा आहे, पण मेंदू कवटीच्या आत हलतो तो हेडगार्डनं थांबत नाही. पुरुषांच्या मोठ्या ॲमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये 2013 पासून हेडगार्ड काढला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष हेडगार्डशिवायच लढले.

डोक्यावर बसला आणि क्षणभर जरी अंधारी आली तर त्या दिवशीची प्रॅक्टिस तिथेच बंद. बाइक चालवत घरी जाऊ नका, कोणाला तरी सोडायला सांगा. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय, विनाकारण चिडचिड होतेय, यातलं काही असेल तर डॉक्टरला दाखवा, आणि काय झालं ते खरं सांगा, जिना उतरताना पडलो म्हणून सांगू नका. उलट्या व्हायला लागल्या किंवा बोलणं अडखळायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलून हॉस्पिटल. बाहेर कमिशनखाली (फाइट्सवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) फाइट झाली तर नॉकआउट झालेल्या फायटरला एक-दोन महिने सक्तीनं मॅटबाहेर ठेवतात. आपल्याकडच्या छोट्या इव्हेंटमध्ये बरेचदा हे सांगणारं कोणी नसतं, मग तुम्हीच स्वतःचं कमिशन व्हा.

आखाड्यात जा

नागपुरात राहून एमएमए शिकणाऱ्याला माझा सगळ्यात मोठा सल्ला हाच. महालाकडे म्हणा, जुन्या वस्त्यांमध्ये म्हणा, अजून आखाडे आहेत, तिथे पहाटे जा. तीन महिने जा. यूएफसीचा माजी चॅम्पियन जॉर्जेस सेंट-पिएर शाळा-कॉलेजात कधी कुस्ती खेळला नव्हता, कराटेवाला माणूस, पण मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या नॅशनल लेव्हलच्या पैलवानांसोबत वर्षानुवर्षं घासली आणि शेवटी लहानपणापासून कुस्ती करणाऱ्यांना तोच खाली घ्यायला लागला. चॅम्पियन झाल्यावर पण जिथे आपण सगळ्यात कच्चे तिथे जाऊन मार खायची तयारी, हे त्याच्याकडून घ्या. आणि 2007 मध्ये मॅट सेरानं त्याला पहिल्या राउंडला उडवलं, सगळ्यांना वाटत होतं सहज जिंकेल, एका वर्षानं त्यानं सेराकडूनच बेल्ट परत घेतला.

मी ज्या आखाड्यात जायचो तिथले उस्ताद सत्तरीचे होते. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला एकच गोष्ट करायला लावली, मनगट सोडवणं. ते धरायचे, मी सोडवायचं. मी झटका द्यायचो, सुटायचं नाही. ते म्हणायचे, "झटके काहून देऊन राहिला बे, अंगठ्याकडून निघ ना." धरलेल्या मुठीत कमजोर जागा एकच असते, जिथे अंगठा अन् बोटं भेटतात, हात तिकडे वळवला की लोण्यातून काढल्यासारखा निघतो. केजमध्ये जाळीला चिकटून जी हातांची मारामारी चालते ना, ती सगळी हीच. माझ्या चार विजयांपैकी दोन तर मी निव्वळ मनगटावर जिंकलो असं म्हटलं तरी चालेल.

पण आखाड्यातून येताना दोन सवयी बाहेर ठेवून या. एक, पाठ लागू नये म्हणून पैलवान पटकन पोटावर होतो. कुस्तीत ते बरोबर आहे, चीतपट वाचते. एमएमएत पोटावर झालात की तुम्ही समोरच्याला स्वतःची पाठ दिली, तो वर बसेल, पाय अडकवेल आणि गळा धरेल. दुसरी, पट काढताना (पाय धरून खाली पाडताना) डोकं खाली अन् बाहेरच्या बाजूला, मान मोकळी. यूएफसीत लढलेला भारतातला पहिला फायटर भरत खंडारे, नोव्हेंबर 2017, शांघाय, समोर सोंग यादोंग, पहिल्याच राउंडला गिलोटीनमध्ये गेला. म्हणून पट काढताना डोकं वर, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर छताकडे. हे शंभरदा सावकाश करा, मग स्पीडनं.

फाइट बघायची कशी

पॉपकॉर्न घेऊन बघायची ती वेगळी. शिकायला बघायची तर एकच फाइट निवडा आणि तीनदा बघा. आवाज बंद, कारण कॉमेंटेटर तुमच्यासाठी विचार करून टाकतो. पहिल्यांदा फक्त हरणाऱ्याचे पाय. दुसऱ्यांदा जिंकणाऱ्याचा रिकामा हात, म्हणजे जो मारून नाही राहिला तो कुठे आहे. तिसऱ्यांदा शेवटापासून मागे, ज्या फटक्यानं फाइट संपली तो आधी किती वेळा ट्राय केला होता ते मोजा.

सुरुवातीला लिऑन एडवर्ड्स विरुद्ध कमारू उस्मान घ्या, यूएफसी 278, ऑगस्ट 2022. चार राउंडनंतर तिन्ही जजेसकडे उस्मान पुढे. पाचव्या राउंडआधी एडवर्ड्सच्या कोचनं त्याला स्टूलवर अक्षरशः झापला. आणि शेवटच्या मिनिटाला पंचचा देखावा, उस्मान त्याला रिॲक्ट झाला, मागून डावी लाथ थेट डोक्यावर. सगळे त्या लाथेची क्लिप फिरवतात. तुम्ही लाथेच्या आधीचा हात बघा, सगळं काम त्यानं केलंय.

आणि त्या झापण्याकडे पण बघा. राउंडच्या मध्ये मिनिटभर मिळतो. अनुभवी फायटर पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच ऐकत नाही, फक्त श्वास, मग पाण्याचा एक घोट, मग कोचकडून एक गोष्ट, फार तर दोन. आपल्याकडे कोपऱ्यात चार जण एकदम ओरडतात, त्यात एक मित्र व्हिडिओ काढत असतो. फाइटच्या आधीच ठरवून घ्या, बोलणार एकच जण.

दुसरी बघायची ती अँडरसन सिल्वा विरुद्ध ख्रिस वाइडमनच्या दोन फाइट्सची जोडी. जुलै 2013 ला सिल्वा हात खाली सोडून मस्करी करत होता आणि दुसऱ्या राउंडला झोपला. तुम्हाला हात खाली सोडावासा वाटला की ही आठवा, सिल्वाकडे रिफ्लेक्सेस होते तरी हे झालं. डिसेंबरच्या रीमॅचमध्ये सिल्वानं लो किक (पायावर लाथ) मारली, वाइडमननं चेक केली (नडगी पुढे करून अडवली) आणि सिल्वाच्याच नडगीचं हाड मोडलं. आणि दैव कसं बघा, एप्रिल 2021 मध्ये उरायाह हॉलसमोर वाइडमनची स्वतःची पहिलीच किक चेक झाली अन् त्याचा पाय तसाच मोडला. म्हणजे लो किक नुसती फेकायची नाही, आधी हातानं त्याचं लक्ष वर घ्यायचं, वजन त्याच्या पुढच्या पायावर येऊ द्यायचं, मग मारायची. आणि चेक करताना पाय नुसता उचलायचा नाही, गुडघा थोडा बाहेर वळवून नडगीचा वरचा भाग, गुडघ्याच्या जरा खालचा, तो पुढे करायचा, तिथलं हाड जाड असतं.

वजन

आता माझी स्वतःची फजिती. तिसरी फाइट, मे महिना, नागपूरचा मे. मी तेव्हा 71 च्या आसपास असायचो आणि कोणीतरी डोक्यात भरलं की 65 ला उतर, तिथे तू सगळ्यात मोठा दिसशील. तीन दिवस मीठ बंद, शेवटचा दीड दिवस पाणी बंद, आणि आदल्या संध्याकाळी रेनकोट घालून अंबाझरी तलावाकडे पळायला गेलो. चाळीसच्या वर पारा अन् मी रेनकोटमध्ये. एक काका वॉकला आले होते, ते थांबून म्हणाले, "पाऊस कुठी पडून राहिला रे बाबू?" मी उत्तर द्यायला गेलो तर जीभ टाळूला चिकटलेली. वजन भरलं. पण त्याच दिवशी संध्याकाळी फाइट होती, पहिल्या राउंडला एक साधा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) लागला आणि पाय गेले, असा जॅब मी प्रॅक्टिसला रोज खायचो. त्या रात्री सलाइन लागलं.

आणि हे फक्त नवशिक्यांचं नाही. डॅनियल कॉर्मियर 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकन कुस्ती टीमचा कॅप्टन होता, वजन उतरवताना किडनीनं दगा दिला आणि एक कुस्ती न खेळता बाहेर. तोच माणूस पुढे यूएफसीत दोन वजनांत चॅम्पियन झाला, पण ते ऑलिंपिक गेलं ते गेलं. 2015 मध्ये यांग जियान बिंग नावाचा एकवीस वर्षांचा चिनी फायटर वजन उतरवतानाच वारला, त्याच्यानंतर वन चॅम्पियनशिपनं (आशियातली फाइट कंपनी) शरीरातल्या पाण्याची टेस्ट सुरू केली. विनेश फोगाटचं पॅरिसला शंभर ग्रॅमनी काय झालं ते घरोघरी माहीत आहे. अमन सेहरावतनं तिथेच दहा तासांत 4.6 किलो उतरवून मेडल आणलं, त्याचा व्हिडिओ दाखवून पोरं म्हणतात बघा जमतं. अरे, त्याच्याभोवती रात्रभर कोच आणि अख्खी टीम उभी होती. तुमच्याभोवती कोण आहे, रूममेट?

माझं गणित सोपं आहे. पहिल्या चार-पाच फाइट्स रोजच्या वजनाच्या जवळ खेळा. उतरवायचं असेल तर दोन-तीन किलो, पाच-सहा आठवड्यांत, जेवणातून. अठराच्या खालच्यांनी पाणी तोडायचा विषयच काढू नये. मेडिकलमधून लॅसिक्स घेऊन लघवीवाटे वजन पाडणारे महाभाग आहेत आपल्या शहरात, ती गोळी हृदयाचे ठोके बिघडवू शकते आणि वाडाच्या (डोपिंगविरोधी जागतिक संस्था) बंदी यादीत पण आहे, म्हणजे जीव वाचला तरी टेस्टमध्ये जाल. वजन झाल्यावर ओआरएस घोट-घोट, मग केळं, दहीभात, खिचडी. सावजी नाही. हे लिहावं लागतंय कारण आमच्या एकानं वजन झाल्यावर थेट सावजी मटण हाणलं आणि दुसऱ्या राउंडला रेफ्रीला सांगून केजबाहेर पळाला, पुढचं सांगत नाही.

नियम वाचा, खरंच वाचा

खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतले पैलवान, मॅट अन् तिथले नियम दोन्ही नवीन, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ. मधल्या काळात नुसती ताकद नाही वाढवली, नवीन नियमांची कुस्ती शिकून घेतली. आणि उलटं उदाहरण पेत्र यान, मार्च 2021, यूएफसीचा चॅम्पियन होता, फाइट त्याच्या बाजूनं चालली होती, समोरचा गुडघा टेकवून खाली असताना डोक्यावर गुडघा मारला आणि डिसक्वालिफाय. बेल्ट गेला. वन चॅम्पियनशिपमध्ये तोच गुडघा चालतो. वरून सरळ खाली येणारी कोपर, जिच्यामुळे यूएफसीच्या जॉन जोन्सच्या रेकॉर्डला 2009 ची एकुलती एक हार लागली, ती युनिफाइड रूल्समध्ये (यूएफसीत चालणारे नियम) नोव्हेंबर 2024 पासून चालायला लागली. म्हणजे नियम बदलत राहतात. ॲमॅच्युअर इव्हेंटला तर कोपर, डोक्यावर गुडघा, हील हूक बहुतेक ठिकाणी बंद असतात, पण "बहुतेक" वर जाऊ नका, आयोजकाकडून छापील नियम मागा.

जजिंगचं पण तेच. खाली घेतलं अन् नुसतं धरून बसलं म्हणजे राउंड आपला, असं नसतं. आधी बघतात मारानं आणि पकडीनं समोरच्यावर किती परिणाम झाला, ते सारखं असेल तरच पुढचं.

आता पटकन दोन-तीन गोष्टी. नखं कापा. रॅशगार्ड रोज धुवा, बॅगेत तसाच ओला ठेवू नका, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे गजकर्णाची साथच असते मॅटवर. गोल चट्टा दिसला तर मॅटवर येऊ नका आणि मेडिकलवाल्यानं दिलेली ती मिक्स ट्यूब लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं अन् मग दुप्पट पसरतं. स्किनच्या डॉक्टरला दाखवा. पावडर-सप्लिमेंट घ्यायचीच असेल तर आधी कोचला डबा दाखवा.

कॉलेज-नोकरी सोडू नका. स्टिपे मिओचिच यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन असताना ओहायोत फायर ब्रिगेडमध्ये ड्यूटी करायचा. रिच फ्रँकलिन फायटर व्हायच्या आधी शाळेत गणित शिकवायचा. ग्लोव्हर टेशेरा यूएफसीचा बेल्ट जिंकला तेव्हा 42 वर्षांचा होता. यूपीतल्या बुढान्याची पूजा तोमर, जून 2024 मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई, ती आधी वर्षानुवर्षं वुशू खेळली. घाई फक्त आपल्याला असते. आणि फाइटचे पैसे बरेचदा दोन भागांत असतात, उतरल्याचे वेगळे अन् जिंकल्याचे वेगळे, सही करायच्या आधी घरातल्या एखाद्या हिशोबी माणसाला कागद दाखवा, मेडिकल खर्च कोणाचा ते लिहिलंय का बघा. माझ्या टाक्यांचे पैसे मी स्वतः भरलेत, आयोजकानं नंतर फोनच उचलला नाही.

शेवटचं, सिनियरला विचारायचं कसं. "दादा टिप्स द्या ना" याला कोणाकडेच उत्तर नसतं, तो म्हणेल मेहनत कर आणि निघून जाईल. प्रश्न छोटा ठेवा, ज्याला हातानं दाखवून उत्तर देता येईल असा. "मागच्या राउंडला तुम्ही मला तीनदा डावीकडूनच धरलं, माझं काय उघडं राहून राहिलं होतं?" असं विचारलं की माणूस थांबतो, बॅग खाली ठेवतो, परत शूज काढतो. जे सांगेल ते त्याच रात्री वहीत लिहा, मोबाइलमध्ये नाही, आणि पुढच्या आठवड्यात तेच करून दाखवा, मग तो न विचारता दुसरं सांगतो. राउंडच्या मध्ये विचारू नका, बॅच सुटल्यावर टपरीवर विचारा, आणि चहाचे पैसे तुम्ही द्या.